कुणालाही उघडू नका

मालाचा ट्रक घाटात अडकलाय, म्हणजे उजाडेपर्यंत तो काही यायचा नाही. बसा. शेगडीत कोळसा टाका, या कंटेनर-दुकानाचं दार अर्धं ओढून घ्या, धूर जायला फट तेवढी ठेवा. आणि एर्निस, तू मघाशी चहा ओतताना जे बोललास ते परत बोल, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी काय बोललो, बायके? एवढंच म्हटलं, की लग्नानंतर घर घ्यायचं तर जानी-कोनुशला फुकट दिलं तरी नको. चोरांची वस्ती आहे ती. टॅक्सीवालेसुद्धा रात्री तिकडे जात नाहीत."

टॅक्सीवाले येत नाहीत, कारण रस्त्याला गुडघाभर खड्डे आहेत. मी तिथेच राहतो, माझी पोरं तिथेच वाढली. मग ज्याला तुम्ही बायके, थोरला भाऊ म्हणता तो मी कोण झालो? नाही, मान खाली घालू नकोस, चहा पी. रागावलोय हे खरं, पण तुझ्यावर नाही. तू हे कुठून तरी ऐकलंस, ज्याच्याकडून ऐकलंस त्यानं आणखी कुठून. तू बोललास आणि मला ओमुरझाक आठवला, म्हणून राग आला.

ओमुरझाक तुमच्यातल्या मोठ्यांना माहीत असेल. फाटकं करायचा. आपल्या या रांगेच्या टोकाला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. कड्या, बिजागऱ्या, कुलपं माझ्याकडून न्यायचा आणि दर वेळी म्हणायचा, "बायके, जोवर लोक एकमेकांना घाबरतायत तोवर आपली चूल पेटती आहे." हसायचो आम्ही दोघं. जानी-कोनुशला त्याची भिंत माझ्या भिंतीला लागून. त्यानं जसं मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचं मीठ घालत नाही.

शरदाचे शेवटचे दिवस होते. ओमुरझाक शहराच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, आल्तिन-आरालला गेला, तो एका गिऱ्हाइकाच्या फाटकाचं माप घ्यायला. मेदेर त्याचं नाव, मोटारींचे सुटे भाग परदेशातून आणायचा. गल्लीच्या तोंडाशी आडवा दांडा, शेजारी पहारेकऱ्याची खोली. दांडा वर गेला, ओमुरझाक आत शिरला आणि पाहत राहिला. दोन्ही बाजूंना पत्र्याची उंच फाटकं, सगळी एका रंगाची, प्रत्येकावर कॅमेरा. रस्ता झाडलेला. एक पोर नाही, कुत्रं नाही, फाटकाबाहेर बसायला बाक नाही. नळ गळत असता तर या टोकाचा त्या टोकाला ऐकू आला असता.

"किती शांत आहे हो," ओमुरझाक म्हणाला.

"शांत असणारच," मेदेर म्हणाला. "आजवर इथे एकही गुन्हा झालेला नाही. एकसुद्धा नाही. तुम्ही कुठे राहता?"

ओमुरझाकनं सांगितलं. मेदेरनं मापाच्या फितीचं दुसरं टोक धरलं होतं, ते त्यानं हळूच खाली ठेवलं आणि खिशावरून हात फिरवला. मोबाईल आहे ना ते बघितलं. ओमुरझाकला ते दिसलं. त्याच्या जागी मी असतो तर फीत गुंडाळून चालू लागलो असतो. ओमुरझाक शरमला. आणि माणूस एकदा स्वतःच्या पत्त्याची शरम बाळगायला लागला की त्याला कुठलंही घर विकता येतं.

गल्लीच्या टोकाला एक घर रिकामं होतं. मालक लांब, रशियात ट्रक चालवायचा, त्याला ते विकून मोकळं व्हायचं होतं. ते घर ओमुरझाकच्या मनात बसलं. कारण त्याच आठवड्यात आमच्याकडे एक भानगड झाली होती. मिनीबसच्या थांब्यावर एका पोरानं एका बाईचा मोबाईल हिसकावला. सकाळी एक मोबाईल होता. दुपारी बाजारात पोहोचला तेव्हा तीन झाले. संध्याकाळी ओमुरझाकच्या दुकानात गिऱ्हाईक सांगत होतं, जानी-कोनुशला एका मुलीला भोसकलं म्हणून. खरं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. खरं असं झालं, की पोरगा दोन गल्ल्याही पळाला नाही, तीन बायकांनी त्याला चिखलात पाडला, एक त्याच्या पाठीवर बसली. ती माझी बायको तुर्सुनाय. तिचं वजन तुम्हाला माहीत आहे. मोबाईल परत मिळाला, पोराचे कान लाल झाले आणि वर त्याला गरम रस्सा मिळाला, कारण दोन दिवसांचा उपाशी होता. पण असली बातमी शहरात पोहोचत नाही. ती खड्ड्यात अडकते.

ओमुरझाकची मुलगी बेगाइम. नर्सिंग शिकत होती, संध्याकाळची पाळी करून अंधाराची घरी यायची. मुळात नसलेली ती भोसकलेली मुलगी ओमुरझाकला रोज बेगाइमच्या चेहऱ्याची दिसायला लागली.

त्याची बायको आसिल तयार नव्हती. "तिथे मला कोण ओळखतं?"

"म्हणूनच तर," ओमुरझाक म्हणाला. "कुणी ओळखत नाही म्हणजे कुणी डोळा ठेवत नाही."

बेगाइम मात्र खूश होती. आमच्या गल्लीतून घरी येताना तिला प्रत्येक खिडकीला हजेरी द्यावी लागायची. कोण गं, बेगाइम ना? एवढा उशीर? टोपी कुठाय? जेवलीस का? पोरगी कंटाळली होती. निघताना मला म्हणाली, "बायके, आता मी गुपचूप घरी जाईन."

पहिल्या बर्फाच्या आत ते गेले.

तुम्हाला एरूलुक माहीत आहे. की तेही विसरलात? नवं बिऱ्हाड आलं, सामान अजून दोरीत आहे, चूल मांडलेली नाही, तेव्हा पहिलं जेवण शेजाऱ्यानं द्यायचं. ओमुरझाक जानी-कोनुशला आला तेव्हा भिंतीसुद्धा छातीएवढ्याच होत्या. तुर्सुनाय पातेलं घेऊन गेली, पलीकडून कुणी रोटी आणली, कुणी कायमाक, दाट साय, आणि रात्री उशिरापर्यंत त्या छप्पर नसलेल्या घरात आम्ही वीस माणसं जेवलो. आल्तिन-आरालला आसिलनं खोके सोडायच्या आधी जमिनीवर जेवणाच्या कापडाचा दस्तरखान पसरला, कपांवर कप मांडले आणि चहाचं पाणी ठेवलं. पाणी आटलं. परत ठेवलं. दुसऱ्या दिवशीही दस्तरखान तसाच. तिसऱ्या दिवशी तिनं तो घडी घालून कपाटात ठेवला.

आलं ते काय, तर गल्लीच्या ग्रुपवर मेदेरचा निरोप: "नव्या कुटुंबाचं स्वागत. कचरा फाटकाबाहेर ठेवू नये. अंधार पडल्यावर कुणालाही उघडू नका."

आसिल दर गुरुवारी संध्याकाळी तेल तापवून बोर्सोक, कणकेचे फुगीर गोळे, तळायची, गेलेल्यांना वास पोहोचावा म्हणून. तुमच्या आयाही करतात. पहिल्याच गुरुवारी ग्रुपवर आलं: "कोण तळतंय? ही शहरातली गल्ली आहे, खेडं नव्हे." कुणाच्या अंगठ्यानं टाइप केलं देव जाणे, पण खाली पाच जणांनी हो ला हो केलं. आसिलनं गुरुवारचं तळण बंद केलं. ओमुरझाक मला दुकानात म्हणाला, "तेवढं चालायचंच, बायके. रात्री मी निवांत झोपतो." झोपत नव्हता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्री उठून मोबाईलवर कॅमेरा बघायचा. जिथे एकही गुन्हा झालेला नाही तिथे माणूस रात्रभर कशाची वाट बघत असतो, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं, पण गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं.

आता ती रात्र.

फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार. नूरूझचा वसंतसण महिन्यावर आला होता आणि थंडी मात्र जानेवारीची. दुपारपासून डोंगरावरून वारा सुटलेला, बर्फ आडवं पडत होतं. बेगाइमनं कळवलं होतं, बर्फ वाढलं तर वॉर्डातच झोपेन. ते वाचून ओमुरझाकचा जीव भांड्यात पडला. आसिलला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्या संध्याकाळी तेल ठेवलं.

"ग्रुपवर बोंब मारतील," तो म्हणाला.

"मारू देत. माझी आई स्वप्नात आली होती. उपाशी दिसली."

तिनं परातभर बोर्सोक तळले. घरात वास भरला. खिडक्यांना तीन-तीन काचा, तरी तो कुठून तरी बाहेर गेला असणार.

आठ वाजून गेले आणि वीज गेली.

मेणबत्ती लावली. घर एकदम बहिरं झालं. तिथे फाटकापासून घर चांगलं आत, मध्ये अंगण. बाहेर वारा आहे हे फक्त ज्योत हलली की कळायचं.

आसिलनं मान वर केली. "काही वाजलं का?"

"पत्रा आहे. वाऱ्यानं वाजतो."

"वारा असा थांबून थांबून वाजतो?"

ओमुरझाकनं कान दिला. काही नाही. मग त्याचा मोबाईल उजळला. ग्रुप.

"कोणीतरी फाटक ठोठावतंय. म्हातारी आहे. उघडू नका."

थोड्या वेळानं दुसऱ्या घरातून: "आता आमच्याकडे. म्हातारीच आहे. हातात काहीतरी गाठोडं."

मेदेर: "जुनी युक्ती आहे. म्हातारीला पुढे करतात, मागे टोळी असते. कुणालाही उघडू नका."

"बरोबर आहे. मागे आणखी एक जण आहे. टोपी डोळ्यांवर ओढलेली. चेहरा दिसत नाही."

"मी म्हटलं नव्हतं?"

ओमुरझाकनं मेणबत्ती खिडकीपासून दूर नेली. वेल्डिंगच्या सामानातला लोखंडी गज आणून दाराजवळ ठेवला. ग्रुपवर गल्लीतली घरं एकेक करून बोलत होती. आमच्याकडे आली. आमच्याकडून गेली. पुढे गेली. जवळ येत होती... त्यांच्याकडे येत होती. तो मला म्हणाला, "बायके, खरं सांगू? मला बरं वाटत होतं. गल्ली जागी आहे असं वाटत होतं. आपण एकटे नाही." आणि त्यानंही लिहिलं. सगळ्यांनी लिहिलं होतं तेच, जसंच्या तसं.

"कुणालाही उघडू नका."

आणि मग वाजलं.

या वेळी दोघांनी ऐकलं. पत्रा नाही. हात. तीनदा. थांबून, पुन्हा तीनदा. जोर नाही त्यात. घाई नाही. घरचं माणूस जेवायला हाक मारताना वाजवतं तसं.

फाटकाच्या कॅमेऱ्याला बॅटरी होती. ओमुरझाकनं कळ दाबली, भिंतीवरची छोटी काच लागली. निळसर उजेड. बर्फाचे धागे. आणि त्यात... एक म्हातारी.

बुटकी. डोक्याला पांढरं बांधलेलं, वरून शाल. कॅमेऱ्याकडे बघत होती. म्हणजे थेट त्यांच्याकडे. एवढ्या वाऱ्यात तिच्या शालीचं टोक हलत नव्हतं.

"आपा," आसिल पुटपुटली, आजीला हाक मारावी तसं.

"गप्प. ऐकू जाईल."

"म्हातारी आहे रे ती."

"मागे दुसरा आहे. वाचलं नाहीस?"

मागे कुणी उभं दिसत नव्हतं. काचेच्या खालच्या कडेला मात्र काहीतरी होतं. काळसर. बर्फात टाकलेल्या पोत्यासारखं.

म्हातारीनं गाठोडं वर उचललं. सावकाश गाठ सोडली. एक एक पदर बाजूला केला. आत हात घातला. बाहेर काढला. आणि जे हातात होतं ते कॅमेऱ्यासमोर धरलं.

बोर्सोक.

त्यातून वाफ निघत होती.

आसिल उठली. ओमुरझाकनं तिचं मनगट धरलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं... त्या नजरेबद्दल तो मला कधी नीट बोलला नाही.

"एरूलुक घेऊन आलीय ती," आसिल म्हणाली. "तीन महिन्यांत पहिलं माणूस आलंय. सोड."

"आसिल..."

"सोड म्हणते ना."

काच विझली. बॅटरी संपली असेल.

हात पुन्हा वाजला. एकदाच.

आसिल परातीतले बोर्सोक झग्याच्या घोळात घेऊन अंगणात पळाली. विजेचं कुलूप मेलेलं होतं, पण ओमुरझाकनं आतून हाताची कडी बसवली होती, माझ्याकडूनच नेलेली. ती गोठली होती. तिनं उघड्या हातांनी ओढली. कातडी लोखंडाला चिकटली, निघाली. कडी सरकली.

फाटक उघडलं.

म्हातारी नव्हती.

बाहेर पांढरं... नुसतं पांढरं. फाटकाच्या पायाशी ते पोतं होतं. टोपी डोळ्यांवर ओढलेली.

ओमुरझाक गज घेऊन मागे आला होता. त्यानं वाकून टोपी वर सारली.

...

बेगाइम होती.

टॅक्सी मिळाली म्हणून ती वॉर्डात न थांबता निघाली होती, टॅक्सीवाल्यानं तिला दांड्याशी सोडलं होतं. मोबाईल थंडीनं मेला. पहारेकऱ्याची खोली कुलूपबंद. आधी ती स्वतःच्या फाटकावर आली, ठोठावलं. ते ऐकून बाप म्हणाला होता, पत्रा आहे. मग ती गल्लीच्या तोंडापर्यंत परत गेली, कुणीतरी आत घेईल म्हणून. सगळ्यांनी तिला पाहिलं. प्रत्येक घरानं, आपापल्या काचेवर, पांघरुणात बसून.

तिला उचलून आत नेलं, कपडे काढले, लोकरीत गुंडाळलं. पाय निळे पडले होते. पुढे दोन बोटं कापावी लागली. ओठ दगड झालेले. पण आसिलनं तिचे हात हातात घेतले आणि नवऱ्याकडे पाहिलं. हातमोजे नव्हते पोरीला, वॉर्डातच विसरले होते.

हात गरम होते. नुकतंच कुणी सोडावेत तसे.

शुद्धीवर येता येता बेगाइम बोलली. "आपा कुठे आहे? तिला आत घ्या. तिनंच माझे हात धरून ठेवले होते. मला ठोठावताच येईना. ती म्हणाली, राहू दे, माझ्या हाताला सवय आहे, मी ठोठावते. प्रत्येक फाटकावर तिनंच ठोठावलं. कुणी उघडलं नाही की म्हणायची, रागावू नकोस गं, ही माणसं नवी आहेत."

ओमुरझाक कंदील घेऊन बाहेर गेला. फाटकापाशी बर्फात पावलं उमटली होती. आली होती, पडली होती. बेगाइमच्या बुटांची. दुसरी नव्हती.

सकाळी पोरीला इस्पितळात पोहोचवलं आणि ओमुरझाक परत गल्लीत आला. हातात हातोडा. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. पहिल्या फाटकावर हातोडा मारला. "बाहेर या. माझी पोर होती ती. तोंड तर दाखवा." दुसऱ्या फाटकावर मारला. भर दिवसा, सूर्य वर आलेला. एक पडदा हलला नाही. तो ओरडत होता, रडत होता आणि खिशातला मोबाईल थरथरत होता. पुढच्या फाटकाशी त्यानं तो काढून बघितला.

"गल्लीत एक माणूस हातोडा घेऊन फिरतोय. कुणालाही उघडू नका."

तो वाचून खाली बसला. बर्फात, रस्त्याच्या मधोमध. तेव्हा पहारेकरी आला, म्हातारा पेत्रोविच. त्यानं त्याला खोलीत नेलं, चहात साखर जास्त घातली, रात्रीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कशी दिसत होती ती? बुटकी? पांढरं बांधलेलं?"

ओमुरझाकनं मान हलवली.

"बुरमाकान आपा," पेत्रोविच म्हणाला. "तुम्ही राहता ते घर तिचं."

ती नारिनकडची, डोंगरातली. मुलगा रशियात ट्रक चालवायचा. आई गावात एकटी नको म्हणून त्यानं शहरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली आणि तिला तिथे आणून बसवलं. बिचाऱ्यानं प्रेमानंच केलं. म्हातारीनं दस्तरखान पसरला आणि शेजाऱ्यांची वाट बघितली. कुणी आलं नाही. तिला राग यायला हवा होता. पण ती डोंगरातली बाई, तिच्या डोक्यात भलतंच आलं. पेत्रोविचच्या खोलीशी येऊन म्हणाली, "इथली सगळी घरं नवीच दिसतात रे. म्हणजे या लोकांनाही आल्यावर कुणी जेवू घातलं नसणार. पहिलं जेवण मिळालेलंच नाही बिचाऱ्यांना. मग ते मला कुठून देतील?" असा हिशेब तिनं केला. गल्लीतल्या सगळ्या घरांना आपणच एरूलुक द्यायचं ठरवलं. दिवसभर तळत बसली. आदल्या हिवाळ्यातला गुरुवार होता तो. अंधार पडताना गाठोडं घेऊन निघाली. पेत्रोविचची पाळी संपली होती, तो घरी गेलेला. तिच्यामागे तिचं स्वतःचं फाटक आपोआप बंद झालं. किल्ली आत राहिली. आणि वर डोंगरावरून वारा सुटला.

तिनं प्रत्येक फाटक ठोठावलं. काचेवर ती दिसत होती. ग्रुपवर तेच लिहून आलं. म्हातारीला पुढे करतात, मागे टोळी असते.

सकाळी पेत्रोविचला सापडली. शेवटच्या फाटकाला टेकून, गाठोडं मांडीवर, गाठ न सुटलेली. पोलीस आले, बघून गेले. थंडीनं मेली. कुणी मारलं नाही, काही चोरलं नाही. गुन्हा नाही. संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, चोर नव्हती, देवाची कृपा.

म्हणून आल्तिन-आरालला आजवर एकही गुन्हा झालेला नाही. मेदेर खोटं बोलला नव्हता.

हे मला सांगताना ओमुरझाकच्या हातातला कप फुटला. दाबला म्हणून. पोरीचे पाय बरे व्हायची वाटही न बघता त्यांनी ते घर सोडलं. जानी-कोनुशला परत आले त्या संध्याकाळी तुर्सुनायनं गल्लीतूनच हाक मारली, "अगं आसिल, भांडं आण, माझं पातेलं लहान पडतंय." बेगाइम काठी टेकत गल्लीत शिरली तर खिडक्याखिडक्यांतून सुरू. कोण गं? बेगाइम ना? टोपी कुठाय? ती रस्त्यात उभी राहून एकेकीला उत्तर देत होती. आता ओमुरझाक फाटकं करत नाही. बाक करतो.

एवढं झालं.

नाही, एर्निस, थांब. अजून एक राहिलं.

त्या गल्लीतल्या फाटकांना बेगाइमच्या त्या रात्रीपासून काहीतरी झालंय. मेदेरनं आधी रंग दिला. मग परत रंग दिला. मग गेल्या महिन्यात फाटकच काढलं आणि भंगारात द्यायला इथे घेऊन आला. पत्रा जाड, बिजागऱ्या नव्यासारख्या. मी विचारलं, का काढताय? म्हणाला, रंग धरत नाही. बायको रडते. दिले तेवढे पैसे घेऊन निघून गेला. मला वाटलं, सौदा झाला. आता ते माझ्याकडेच पडून आहे. गिऱ्हाईक येतं, हात फिरवून बघतं आणि निघून जातं.

तू टेकून बसलायस तेच.

उठू नकोस. हातमोजा काढ. काढ तर खरा. बघ, सगळ्या पत्र्यावर दव गोठून पांढरं झालंय, बोट लावलंस तर कातडी चिकटेल. आता कंदील जवळ धर. इथे... इथे एवढंच गोठलेलं नाही. तळहाताएवढं.

ठेव हात.

जरा खाली. अजून खाली.

ती बुटकी होती.

...

हं.

आता काढ.